कवापासून वांड झालंय?

ढोकीहून तेरला जायला फार वेळ लागत नाही. वाटेत ऊस लागतो, सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं लागतात, आणि तेरणा नदी. तेरमध्ये गोरोबाकाकांची समाधी आहे. आमच्या भागातल्या लेकरांच्या कानावर तिथली एक कथा फार लवकर पडते. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईने काकांना विचारलं, की काका, तुम्ही कुंभार. यातली पक्की मडकी कोणती आणि कच्चं कोणतं, तेवढं सांगा. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे निमूट बसले. नामदेवांना मात्र ते सोसलं नाही. ते चिडले, उलटून बोलले. काकांनी निवाडा दिला: हे मडकं कच्चं आहे.

लहानपणी ही कथा ऐकताना मी नेहमी नामदेवांच्या बाजूने असे. कुणी येऊन डोक्यात लाकूड मारलं तर ओरडायचं नाही, हे मला पटायचं नाही. आज आकडेवारीच्या कामात निम्मं आयुष्य गेल्यावर मी त्याच बाजूला आहे, कारण मात्र वेगळं. एक थाप, एक क्षण, आणि त्या क्षणी जो मोठ्याने बोलला त्याच्यावर शिक्का. कथा तिथेच थांबली असती तर नामदेव कायमचे कच्चे राहिले असते. पण ते विसोबा खेचरांकडे गेले. पुढे त्यांचा प्रवास पंजाबापर्यंत झाला, आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या रचना आहेत. काकांनाही हे ठाऊक असणारच. कुंभार मडक्याला एकदाच थापटत नाही. ओलं असताना थापटतो, सुकत आल्यावर थापटतो, भट्टीतून काढल्यावर बोटाच्या पेराने वाजवून बघतो. काकांच्या निवाड्यात भट्टी अजून बाकी होती.

मुलांच्या बाबतीत आपण त्या मधल्या थापा विसरतो. ‘हा मुलगा मारकुटा आहे’ असं वाक्य पालकसभेत, ओट्यावर, एसटी स्टँडवर किती सहज बोललं जातं. त्यात काळच नसतो.

थॉमस अ‍ॅकनबाख या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मुलांच्या त्रासाची एक विभागणी मांडली. काही त्रास आत मुरतो: भीती, रडू, कारण नसताना दुखणारं पोट. काही बाहेर फुटतो: मारणं, चावणं, वस्तू फोडणं, खोटं बोलणं, शाळा बुडवणं. पुढे त्यांनी पालकांसाठी एक प्रश्नावली केली, ती आज जगभर वापरली जाते. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या प्रश्नावलीत शंभराहून जास्त विधानं आहेत, आणि प्रत्येकापुढे तीनच आकडे: ०, १, २. नाही, कधीकधी, बऱ्याचदा. गेल्या सहा महिन्यांत लेकरू कसं वागलं ते आठवून आईबापाने आकड्याला गोल करायचा. गोलांची बेरीज म्हणजे त्या मुलाचा ठिपका.

ठिपका आणि रेघ यांतला फरक मी कुठल्या विद्यापीठात शिकले नाही. माझी आई आमच्याकडे अंगणवाडी सेविका होती. महिन्यातून एकदा वजनं व्हायची. आढ्याच्या कडीला काटा टांगलेला, त्याच्या खाली झोळीत लेकरू. लेकरू रडायचं, पाय झाडायचं, काटा थरथरायचा. आई घाई करायची नाही. त्याचे दोन्ही तळपाय स्वतःच्या तळहातांवर अलगद धरायची, काहीबाही बोलत राहायची, आणि काटा ठरला की हात काढून घेऊन पटकन आकडा वाचायची. मग मोठ्या तक्त्यावर त्या महिन्याच्या उभ्या ओळीत एक ठिपका, आणि पट्टी लावून मागच्या ठिपक्यापर्यंत रेघ. तक्त्यावर हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, केशरी पट्टा. बाया हिरव्यात आहे का एवढंच विचारायच्या. आई म्हणायची, “ठिपका कुठं हाय ते बघू नकू, रेघ कुठं निघालीय ते बघ.” हिरव्यात असून तीन महिने रेघ सपाट झालेलं लेकरू तिला जास्त घोर लावायचं. पिवळ्यात असून वर चढणाऱ्या लेकराच्या आईला ती हसून घरी पाठवायची.

त्याच खोलीत एखादी बाई लेकराला दंडाला धरून आणायची. “बाई, ह्यो लई वांड झालाय. कुणाचंच ऐकंना.” आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “कवापासून?”

किती वांड, असं तिने कधी विचारलेलं मला आठवत नाही. कवापासून, हेच. बाई गोंधळायची, बोटं मोजायची, मग हळूहळू सांगायला लागायची. धाकटी झाली तेव्हापासून. ह्याचा बाप पुण्याला कामाला गेला तेव्हापासून. आजी गेली तेव्हापासून. वजनासाठी सरकारने तक्ता दिला होता, वांडपणासाठी नव्हता. आई तो तक्ता तोंडी काढायची.

पुढे संख्याशास्त्राच्या पुस्तकात वाढीच्या रेघांची मांडणी वाचली तेव्हा त्या खोलीतला प्रश्नच चिन्हांत लिहिलेला दिसला. मांडणी अशी. एका वर्गातल्या मुलांचं बाहेर फुटणारं वागणं दर काही महिन्यांनी मोजलं. प्रत्येक मुलाचे ठिपके पडले. आता सगळ्या वर्गाची एकच सरासरी रेघ काढून मोकळं व्हायचं नाही. प्रत्येक मुलाला त्याची स्वतःची रेघ द्यायची. त्या रेघेचे दोन आकडे: ती कुठून निघाली, आणि तिचा उतार किती. एखादं मूल वरून सुरू होतं आणि झपाट्याने खाली येतं. एखादं मध्यावर सुरू होऊन तिथेच राहतं. एखादं तळाशी असतं, आणि आठव्या-नवव्या वर्षी वर निघतं. या सुरुवातींची सरासरी काढता येते, उतारांची काढता येते. पण त्याहून मोलाचं म्हणजे मुलं त्या सरासरीभोवती किती पसरली आहेत ते कळतं, आणि वरून सुरू होणाऱ्यांचा उतार जास्त असतो का, तेही कळतं. एवढं करूनही ठिपके रेघेवर अचूक बसत नाहीत. कुणी थोडं वर, कुणी खाली. त्या दिवशी ताप होता, घरी भांडण झालं होतं, मधल्या सुट्टीत कुणी टोपी पळवली होती. गणित या उरलेल्या अंतरासाठी वेगळी जागा ठेवतं. एका दिवसाच्या वागण्याला मुलाचा स्वभाव म्हणायचं नाही, एवढी सभ्यता त्या समीकरणात आहे, आणि माझं या विषयावर प्रेम आहे ते त्यामुळे.

या रेघांनी आपल्याला काय दाखवलं? कॅनडातल्या माँट्रियलमध्ये रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी १९८४ मध्ये गरीब वस्त्यांतल्या बालवाडीच्या मुलांपासून सुरुवात केली. १,०३७ मुलगे, सगळे मुलगेच. शिक्षकांनी त्यांची मारामारी वर्षानुवर्षं नोंदली. ट्रेम्ब्ले यांच्या आणि इतरांच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट अशी, की माणूस आयुष्यात सर्वांत जास्त हात उगारतो तो दोन ते चार वर्षांच्या वयात. नंतर बहुतेकांचा हात खाली येत जातो. म्हणजे मारणं शिकवावं लागत नाही. न मारणं शिकावं लागतं, आणि बहुतेक लेकरं ते शिकतात. रेघेचा स्वाभाविक उतार खालच्या दिशेने आहे, हे वाचलं तेव्हा मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

त्याच मुलांच्या नोंदी घेऊन डॅनियल नागिन आणि ट्रेम्ब्ले यांनी १९९९ मध्ये सहा ते पंधरा वर्षांपर्यंतच्या रेघांचे चार गट केले. साधारण १७ टक्के मुलं जवळजवळ कधीच मारामारी न करणारी. निम्म्याहून थोडी जास्त सुरुवातीला मध्यम आणि मग शांत होत जाणारी. २८ टक्के वरून सुरू होऊन खाली आलेली. आणि सुमारे ४ टक्के, जी वर सुरू झाली आणि वरच राहिली. या आकड्यांपाशी मी नेहमी थांबते. बालवाडीत जी मुलं सर्वांत वांड दिसत होती, त्यांच्यात २८ आणि ४ असे दोन्ही गट मिसळलेले होते. त्या दिवशी दोघांचे ठिपके एकाच उंचीवर. त्यातल्या आठांपैकी सातांची रेघ पुढे खाली आली. बालवाडीच्या दारात उभं राहून ज्यांना ‘हे वाया जाणार’ असं म्हटलं गेलं असेल, त्या आठांपैकी सातांबद्दल ते खोटं ठरलं.

इथे एक सावधगिरी हवी, आणि ती या विषयातल्याच लोकांनी दिली आहे. गट करायला सांगितलं की संगणक गट करून देतो. डॅनियल बाउअर आणि पॅट्रिक करन यांनी २००३ मध्ये दाखवलं, की मुळात सगळी मुलं एकाच प्रकारची असली आणि फक्त आकड्यांचा पसारा एका बाजूला कललेला असला, तरी ही रीत त्यातून दोन-तीन वेगवेगळे ‘प्रकार’ काढून दाखवू शकते. मारामारीचे आकडे असे कललेलेच असतात; बहुतेक मुलं शून्याजवळ, थोडी दूरवर. नागिन स्वतःही गटांना सोयीची ढोबळ मांडणी समजा असंच सांगत आले. पण अहवालातून बातमीत आणि बातमीतून शिक्षकांच्या खोलीत येईपर्यंत ही सावधगिरी गळून पडते आणि ‘चार टक्केवाला’ मुलगा शोधणं सुरू होतं. मला याची फार भीती वाटते.

आता ढोकीकडे येते. ढोकी म्हणजे रेल्वे, आणि ढोकी म्हणजे तेरणा साखर कारखाना. धुराडं लांबून दिसतं. मधली काही वर्षं ते थंड होतं, नंतर पुन्हा पेटलं. हंगामात मळीचा वास रात्रीच्या गारव्यात जमिनीलगत उतरतो आणि अंथरुणापर्यंत येतो. बाहेरून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, उघड्यावर चुली पेटतात. आणि आमच्याच जिल्ह्यातली आणि शेजारच्या बीडची माणसं त्याच दिवसांत दुसरीकडे निघालेली असतात: सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीला निघायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतायचं, पाडव्याच्या आसपास. ज्याचं घरी सांभाळायला कुणी आहे ते लेकरू मागे राहतं. काही हंगामी वसतिगृहात राहतात. मधल्या काळात कारखान्यांवर साखरशाळाही चालल्या. बाकीची लेकरं जातात.

शाळेचा हजेरीपट नोव्हेंबरापासून बघा. काही नावांपुढे चौकोन रिकामे पडायला लागतात. एकेक नाव करत नाही, एका वस्तीची पाच-सहा नावं एकाच आठवड्यात. मग चार-पाच महिने पांढऱ्या आडव्या पट्ट्या. मार्चच्या शेवटी पुन्हा खुणा सुरू होतात, तोवर परीक्षा दाराशी आलेली.

डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये या रिकाम्या चौकोनांचे प्रकार सांगितले. एक रिकामेपण निव्वळ योगायोगाचं: पान फाटलं, शाई सांडली. दुसऱ्याचं कारण आपल्याच नोंदींत कुठेतरी असतं, आणि ते लक्षात घेतलं तर रेघ बऱ्यापैकी सावरता येते. तिसरं सर्वांत कठीण: जे मोजायचं होतं त्याच्यामुळेच मूल नोंदीतून निसटलं. वागणं बिघडलं म्हणून शाळा सुटली, शाळा सुटली म्हणून बिघडलेलं वागणं कुठेच लागलं नाही. ऊसतोडीला गेलेल्या लेकराचा चौकोन दुसऱ्या प्रकारात आणता येतो, पण त्यासाठी शिक्षकाने तो रिकामा न ठेवता त्यात ‘कारखान्याला गेला’ एवढं लिहायला हवं. कोणत्या कारखान्याला, कुणाबरोबर, कधी, हेही. आमच्याकडच्या शिक्षकांना हे सगळं तोंडपाठ असतं. कागदावर ते उतरत नाही.

आणि कागदावर न उतरल्यावर गणित काय करतं? ज्याचे ठिपके भरपूर, त्याच्या रेघेवर विश्वास ठेवतं. ज्याचे दोनच ठिपके, त्याच्या रेघेला सरासरीकडे ओढून घेतं. एरवी हे शहाणपणाचं आहे. दोन ठिपक्यांवरून कुणाचं भविष्य सांगू नये. पण सरासरी कुणाची? जे वर्गात राहिले त्यांची. उसाच्या फडात वाढलेल्या लेकराला घरी राहिलेल्या लेकरांची रेघ मिळते. कागदावर ते ठीकठाक दिसतं, आणि त्या पाच महिन्यांत त्याच्यावर जे काही गुजरलं ते त्या रेघेत कुठेच नसतं.

असं एक लेकरू मी जवळून पाहिलं आहे. तिसरीतला मुलगा, नुकताच पट्टा पडून परतलेला. पोटऱ्यांवर आणि हातांवर उसाच्या पाचटाचे बारीक काप, काही सुकलेले, काही ताजे. केस उन्हाने तांबूस. पहिल्या पंधरवड्यात त्याने तिघांना मारलं होतं आणि वर्गात त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. मी दुपारी खिचडीच्या वेळी व्हरांड्यात उभी होते. तो रांगेत होता. पुढे पहिलीतली त्याची बहीण, तिच्या हातात दोन ताटल्या, एकावर एक. तो तिच्यामागे अगदी चिकटून, दोन्ही कोपरं बाहेर काढून उभा. मागून एक मोठा मुलगा आला आणि सवयीने मध्ये घुसला, त्यात बहिणीला धक्का लागला. मुलाने वळून बघितलंही नाही, सरळ कोपर मारलं, बरगडीत. तो मोठा मुलगा कळवळून खाली बसला. आरडाओरडा झाला. याने त्या गोंधळात बहिणीच्या हातातली ताटली सरळ केली, तिला एक पाऊल पुढे ढकललं, आणि खिचडी तिच्या ताटलीत पडेपर्यंत डोळे पातेल्यावरून हलवले नाहीत. नंतर बाईंनी त्याचा कान धरला तेव्हा तो काहीच बोलला नाही.

प्रश्नावलीत याचे २ होतात. मारामारी करतो: बऱ्याचदा. तो आकडा खोटा नाही. तीन मुलांना लागलं आहे, त्यांच्याही आया आहेत. पण ही थाप कोणत्या दिवशी मारली? परतल्यानंतरच्या पंधराव्या दिवशी. टोळीत जेवणाची रांग नसते. ज्यांचे आईबाप पहाटे फडात गेले, त्या लेकरांनी उरलेलं भाकर-कालवण आपापलं राखायचं असतं. कुत्री असतात, मोठी पोरं असतात. तिथे त्या कोपराने त्याचं काम केलेलं आहे. इथे ते खाली यायला किती दिवस लागतात, हा खरा प्रश्न. त्याची रेघ वयाच्या मापावर काढली तर काहीच कळणार नाही. आठ वर्षं दोन महिने, आठ वर्षं आठ महिने, एवढंच दिसेल. आमच्याकडे आडव्या अक्षावर वयाबरोबर हंगाम हवा: निघण्याआधी, फडात, परतल्यावर. रेघेला दसऱ्याला एक सांधा, पाडव्याला एक सांधा, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा उतार. ही रीत संख्याशास्त्रात आहे, अवघडही नाही. आजवर ती कुणी आमच्या पंचांगावर बसवलेली माझ्या पाहण्यात नाही, एवढंच.

प्रश्नावली पालकांना गेले सहा महिने विचारते. एप्रिलमध्ये विचारलं तर ते सहा महिने म्हणजे हंगाम. आई पहाटे चारला उठून फडात गेलेली, मोळ्या वाहून, गाडी भरून अंधारात परतलेली. तिने लेकराला जागेपणी किती पाहिलं?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. योगायोगाने तिथेही १,०३७ मुलं. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं, की काहींचं वागणं फक्त किशोरवयात बिघडतं आणि काहींचं लहानपणापासून पुढे चालत राहतं. त्या मांडणीचा मोठा आधार ही मुलं. ती आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पंचेचाळिसाव्या वर्षीच्या तपासणीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के हजर होते, कारण कुणी परदेशात गेलं असेल तर अभ्यासवाले त्याला विमानाने घेऊन येतात. चौकोन रिकामा राहू नये यासाठी इतकं केलं जातं.

तेच महिने मराठवाड्यातल्या दुष्काळाचे. माझा थोरला भाऊ तेव्हाचा. आई त्याला पदराच्या झोळीत ठेवून खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढायची. ड्युनेडिनच्या लेकरांच्या बरोबरीची आमची लेकरं कशी वाढली, चिडली, शांत झाली, याची कुठेच रेघ नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. दोन लेकरं एकाच वर्षी जन्मली, आणि एकाच्या रागाचीही नोंद ठेवण्यासारखी जागा जगाने केली, दुसऱ्याची केली नाही, हे डोळ्यांपुढून हलत नाही म्हणून लिहिते.

भारतात अलीकडे असं काम सुरू झालं आहे. बंगळुरूच्या निमहान्सच्या पुढाकाराने भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून सहा ते तेवीस वर्षांची हजारो मुलं-मुली घेतली. बंगळुरू, म्हैसूर, ऋषी व्हॅली, कोलकाता, चंडीगड, इंफाळ अशी केंद्रं. मुलांच्या बाहेर फुटणाऱ्या वर्तनाकडे आणि व्यसनांकडे नेणारे धोके शोधणं, हाच त्यांचा विषय. सतरा वर्षं कुणाला थांबता येत नाही, म्हणून त्यांनी सहा ते अकरा, बारा ते सतरा आणि अठरा ते तेवीस असे तीन वयोगट एकाच वेळी घेतले. गोधडी शिवावी तसे हे तुकडे काठाला काठ लावून जोडले की पूर्ण रेघ मिळते. मला या कामाबद्दल आदर आहे. फक्त शिवणीपाशी एक गृहीत आहे: आजचं सहा वर्षांचं मूल सहा वर्षांनी आजच्या बारा वर्षांच्या मुलासारखं होईल. ढोकीसारख्या ठिकाणी हे धरून चालता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आमच्याच रुळांवरून गेली. त्या उन्हाळ्यात जी लेकरं सहा वर्षांची होती, घागरी घेऊन टँकरच्या नळीवर ढकलाढकल करत होती, त्यांचं सहावं वर्ष आणि पाऊस चांगला झालेल्या सालातलं सहावं वर्ष एक नव्हे. कारखाना बंद असतानाचं बालपण आणि चालू असतानाचं बालपणही एक नव्हे.

याबाबत मला आपल्या मातीतला एक माणूस आठवतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे, जन्म १९११. मोठे संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं आणि नंतर पुण्याला राहिले. ते सांगत, की माणसामाणसांत फरक असतो तसा एकाच माणसात दिवसादिवसांतही असतो, आणि आजचा दिवस कालच्याला बांधलेला असतो. एका दिवसाचं खाणं ठरावीक रेषेखाली गेलं म्हणून माणसाला कुपोषितांत मोजू नका. त्यांच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला. भुकेचा आकडा लहान करून दाखवायला ही मांडणी वापरली जाईल, ही टीकाकारांची भीती मला रास्त वाटते. पण त्यांनी केलेली ती फाळणी, माणसांतला फरक आणि माणसातला फरक, लेकरांच्या वागण्यात तर जागोजागी लागते. ज्या घरात मार जास्त त्या घरातली लेकरं मारकुटी, हे आपण दहा घरं शेजारीशेजारी ठेवून म्हणतो. त्याच घरात, ज्या महिन्यात उचलीचा तगादा वाढला आणि बापाचा हात सुटला, त्याच्या पुढच्या महिन्यात लेकराचं वागणं बिघडलं का, आणि बिघडलं म्हणून पुन्हा मार वाढला का, हा प्रश्न वेगळा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. २०१५ मध्ये एलेन हामाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही वेगळे काढायची मांडणी केली, आणि त्यानंतर जुने अनेक निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. आईबापांना सांगण्यासारखं काही असेल तर ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, कारण शेजाऱ्याचं घर त्यांना बदलता येत नाही.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळतं, जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून. त्या पत्रकात इयत्ता असते, विषयांची प्रगती असते. त्याच कागदाच्या मागे चार ओळींची जागा हवी: निघताना लेकरू कसं होतं, तिथल्या बाईंना कसं दिसलं, परतल्यावर पहिल्या महिन्यात कसं, तिसऱ्या महिन्यात कसं. प्रत्येक ओळीवर तारीख आणि लिहिणाऱ्याचं नातं. शेरा नको, शिक्का नको, आणि हा कागद पोलिसांच्या किंवा परीक्षेच्या कामी येणार नाही याची खात्री हवी.

फडातल्या दिवसांबद्दल कुणाला विचारायचं, हे मात्र मला अजून सुटलेलं नाही. आई सांगेल ते रात्रीचं असेल. मुकादमाला लेकरांची नावंही ठाऊक नसतात. दिवसभर कोपीत धाकट्यांजवळ असते ती आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. कोण कधी चिडलं, कशावरून चावलं, काय दिल्यावर गप्प झालं, हे तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. आईसाठी प्रश्नावली आहे, शिक्षकांसाठी आहे, किशोरवयातल्या मुलांना स्वतःबद्दल भरायला आहे, तिच्यासाठी नाही. शिवाय तीही त्याच हजेरीपटातलं एक नाव आहे. माँट्रियलच्या यादीत मुली नव्हत्या, आणि आमच्या यादीत ती असली तरी तिचे सगळे आकडे शून्य येतील: मारत नाही, फोडत नाही, उलटून बोलत नाही. तळाशी, सपाट, सर्वांत शांत गटातली रेघ. तिला भावाबद्दल विचारून झालं की त्याच बैठकीत तिच्याबद्दलही विचारायला हवं, आणि त्यासाठी बाहेर फुटणाऱ्या विधानांचं पान उलटून आत मुरणाऱ्यांचं पान काढायला हवं.